मेलीच्या रिप्ले फाइल्समधून आपोआप हायलाइट व्हिडिओ कसा बनवायचा

स्लिपीवर (मेली ऑनलाइन खेळायची आणि मॅचेस साठवायची सोय) मेली, म्हणजे सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा निन्टेन्डोचा फायटिंग गेम, खेळत असाल तर तुमच्या रिप्ले फोल्डरमध्ये एसएलपी फाइल्सचा (मॅचची नोंद असलेल्या .slp फाइल्स) ढीग साचलेला असणारच, आणि त्यात कुठेतरी दोन-चार भारी कॉम्बो (सलग बसलेले फटके) पण दडलेले असणार, पण एकेक मॅच उघडून शोधत कोण बसणार? हे काम कम्प्युटरला लावता येतं, वाटतं तेवढं अवघड नाहीये.

आधी एक गोष्ट समजून घ्या, एसएलपी फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो आणि प्रत्येक फ्रेमला कुठलं बटण दाबलेलं होतं, कॅरेक्टर कुठे होतं, पर्सेंट (झालेलं डॅमेज) किती, स्टॉक (जीव) किती उरले, कुठली ॲक्शन चालू होती एवढंच त्यात लिहिलेलं असतं, म्हणून तर अख्खी मॅच काही एमबीत मावते. याचा फायदा असा की कॉम्बो शोधायला चित्र बघायची गरजच नाही, आकडे वाचले की झालं, हजार फाइल्स असल्या तरी. चित्र हवं असेल तेव्हा मात्र डॉल्फिनमध्ये (कम्प्युटरवर हा गेम चालवणारा एम्युलेटर) ती मॅच परत चालवावी लागते आणि सगळा वेळ तिथेच जातो. म्हणून आधी आकड्यांवर गाळून घ्या, रेकॉर्डिंग फक्त उरलेल्याचं.

कोड लिहायचा कंटाळा असेल तर प्रोजेक्ट क्लिपी हे तयार टूल घ्या, फोल्डर दाखवा, फिल्टर लावा, ते कॉम्बोंची यादी करून डॉल्फिनला देतं, ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) जोडलं तर रेकॉर्डिंग पण सांभाळतं. थोडं जावास्क्रिप्ट येत असेल तर स्लिपी-जेएस ही लायब्ररी वापरा, मजा त्यातच आहे. फाइल दिली की ती स्टॅट्स काढून देते, त्यात कॉम्बोंची यादी असते आणि प्रत्येक कॉम्बोला सुरुवातीची फ्रेम, शेवटची फ्रेम, सुरुवातीचे-शेवटचे पर्सेंट, कुठल्या मूव्ह बसल्या आणि स्टॉक गेला की नाही हे सगळं मिळतं. फक्त वन-ऑन-वन मॅच घ्या, डबल्स बाजूला ठेवा, आणि अर्ध्या मिनिटात सोडून दिलेल्या मॅचेस पण आधीच उडवा. प्लेयर ओळखायचा तो कनेक्ट कोडवरून (प्रत्येकाचा स्लिपीवरचा स्वतःचा कोड), पोर्टवरून (कंट्रोलरचा क्रमांक) नाही, पोर्ट दर वेळी बदलू शकतो.

आता फिल्टर. व्हिडिओ चांगला होणार की रटाळ ते इथेच ठरतं, बाकी नुसती हमाली आहे. सुरुवातीला एवढं ठेवा: किमान ६० पर्सेंट डॅमेज, किमान चार मूव्ह, शेवटी स्टॉक गेलाच पाहिजे, आणि समोर सीपीयू (कम्प्युटर चालवतो तो खेळाडू) नको. मग लगेच लक्षात येईल की आइस क्लाइंबर्स या जोडीच्या कॅरेक्टरचं वॉबलिंग (पकडून ठेवून तोच फटका परत परत मारणं) आणि चेनग्रॅब (सुटू न देता परत परत पकडून फेकणं) यांनी यादी भरून गेलीये, कारण आकड्यांना ते पण भारीच वाटतं, बघणाऱ्याला मात्र झोप येते. त्यासाठी एकच मूव्ह सलग किती वेळा आली ते मोजा आणि मर्यादा घाला. तसंच एकाच फटक्याने बहुतेक डॅमेज केलं असेल तर तो कॉम्बो नाहीच, सोडून द्या.

अजून एक गंमत. समोरच्याला काही क्षण कंट्रोल परत मिळाला की लायब्ररी कॉम्बो संपला असं धरते, म्हणजे तुम्ही त्याला स्टेजबाहेर फेकलं, तो परत येत होता, तुम्ही एजगार्ड केला (स्टेजवर परत येऊ दिलं नाही) आणि तो मेला, तर तो किल त्या कॉम्बोच्या नावावर लागेलच असं नाही. माझ्या मते सगळ्यात बघण्यासारख्या क्लिप्स याच असतात आणि कडक फिल्टरमध्ये नेमक्या याच गळतात. उपाय सोपा आहे, स्टॉकची यादी वेगळी घ्या, आणि कॉम्बो संपल्यावर तीन सेकंदांच्या आत, म्हणजे १८० फ्रेममध्ये, समोरच्याचा स्टॉक गेला असेल तर तो किल धरा आणि क्लिप तिथपर्यंत वाढवा.

यादी झाली की प्रत्येक क्लिपच्या आधी दोन सेकंद आणि नंतर दीड सेकंद जोडा, नाहीतर पहिला फटका बसलेलाच दिसतो, तो कसा मिळवला ते कळत नाही. रिप्लेची पहिली फ्रेम शून्य नसते हां, उणे १२३ असते, त्याच्या मागे जाऊ नका आणि मॅचच्या शेवटच्या फ्रेमच्या पुढेही नको. मग एक जेसन फाइल (साध्या मजकुरातली यादी) बनवा, मोड क्यू (रांग) ठेवा आणि क्यूमध्ये प्रत्येक क्लिपचा फाइल पाथ, सुरुवात, शेवट. ही फाइल स्लिपीच्या प्लेबॅक डॉल्फिनला दिली की तो एकामागून एक क्लिप्स लावतो. गेमची आयएसओ (डिस्कची कॉपी असलेली फाइल) स्वतःची, एनटीएससी (अमेरिकन-जपानी) १.०२ आवृत्तीची आणि मॉड न केलेली पाहिजे, नाहीतर रिप्ले भरकटतो आणि कॅरेक्टर हवेत मूव्ह मारत बसतात.

रेकॉर्डिंगला दोन रस्ते. ओबीएस सोपं आहे पण जेवढ्या मिनिटांच्या क्लिप्स तेवढी मिनिटं लागणार आणि कम्प्युटर अडखळला तर ते पण व्हिडिओत येणार. दुसरा रस्ता डॉल्फिनच्या फ्रेम डंपचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम थेट फाइलमध्ये लिहायचा, मशीन हळू असलं तरी फ्रेम गळत नाही, पण व्हिडिओ आणि आवाज वेगवेगळ्या फाइल्समध्ये येतात, ते एफएफएमपेग या व्हिडिओ टूलने जोडायचे. रात्रीत खूप क्लिप्स काढायच्या असतील तर मी डंपच घेईन.

शेवटी एफएफएमपेगच्या कॉनकॅटने (फाइल्स एकामागे एक जोडायची सोय) सगळं एकत्र करा, सगळ्या क्लिप्सचं रिझोल्यूशन आणि कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) सारखं असेल तर परत एन्कोड करायची गरज नाही, नाहीतर एच२६४ या कोडेकमध्ये सीआरएफ (दर्जाची सेटिंग) १८ ठेवून एकदाच एन्कोड करा. क्रम लावताना नुसतं डॅमेजवर सॉर्ट करू नका, एकाच कॅरेक्टरच्या सारख्याच पाच क्लिप्स ओळीने येतात, त्या मध्ये मध्ये पसरवा आणि अपलोड करायच्या आधी एकदा स्वतः बघून नको त्या क्लिप्स जेसनमधून उडवा.