शीडनौकेच्या बॅटऱ्या बदलताय? या चुका टाळा

नांगर टाकून रात्र काढली, पहाटे फ्रिज बंद पडला आणि इंजिनाचा सेल्फ नुसताच कण्हला, की निष्कर्ष ठरलेलाच असतो: बॅटऱ्या गेल्या, नव्या आणा. पण जुन्या कशाने गेल्या हे शोधलं नाही, तर नव्यांचंही तेच होतं. म्हणून आधी दुकान नको, मल्टीमीटर हातात घ्या.

बॅटऱ्या रात्रभर चार्ज करा, मग सोलरसकट सगळं तोडून काही तास तशाच राहू द्या आणि व्होल्टेज मोजा. शिसे-आम्लाची 12 व्होल्टची बॅटरी भरलेली असेल तर 12.6-12.7 दिसतं, निम्मी असेल तर 12.2 च्या आसपास. नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नका. दिवे, फ्रिज चालू करून बघा. व्होल्टेज भराभर घसरलं तर ती बॅटरी खरोखर संपली आहे.

आता इंजिन चालू करून अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) टर्मिनलवर मोजा आणि लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर. तिकडे 14.4 आणि इकडे 13.6 आलं, तर चोर सापडला. मधले 0.8 व्होल्ट गंजलेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत), बारीक वायरीत किंवा जुन्या डायोड आयसोलेटरमध्ये (एकाच अल्टरनेटरचा करंट दोन बॅटऱ्यांना वाटून देणाऱ्या डब्यात) जातात, आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. खाऱ्या हवेत साध्या तांब्याची वायर वरून छान दिसते, पण लगपाशी इन्सुलेशन सोललं की आतले धागे काळे पडलेले निघतात. अशी वायर कितीही घासली तरी उपयोग नाही, कथिलाचा मुलामा दिलेली जाड वायर टाका. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि बॅटरी चार्ज धरेनाशी होते. माझ्या मते बोटीवरच्या सर्वाधिक बॅटऱ्या अशाच मरतात.

बॅटरीवर 200 अँपिअर-अवर (तिच्यात मावणाऱ्या विजेचं माप) लिहिलंय म्हणजे 200 वापरता येतात, हा हिशेब चुकीचा. शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, आणि शेवटचे 15-20 टक्के भरायला इतके तास लागतात की भटकंतीत ते बहुधा भरलेच जात नाहीत. हाती राहतात जेमतेम 60-70. आपल्या उकाड्यात एकटा फ्रिज दिवसाला 50 सहज खातो.

आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी बोटीत बसवणं. स्वस्त मिळते, चांगली टिकते, हे खरं. पण बोट एका अंगावर 25 अंश कलून तासन् तास चालते तेव्हा तिच्या झाकणातून आम्ल बाहेर येतं. शिशाचीच हवी असेल तर सीलबंद एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, न सांडणारी) घ्या आणि पट्ट्यांनी घट्ट बांधा. जुनी-नवी एकाच बँकेत (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचात) जोडू नका, जुनी नवीला खाली ओढते. इंजिनासाठी वेगळी बॅटरी हवीच.

लिथियम आयर्न फॉस्फेट ही लिथियम बॅटरी मला आवडते: वजन कमी, 80 टक्के बिनधास्त वापरता येते. पण जुनी काढून त्याच वायरींवर ती ठेवून देणं धोक्याचं आहे. ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. इंजिन कमी फेऱ्यांवर असेल तर अल्टरनेटरला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो तापून जळू शकतो. त्यातच तिच्या बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने) चालू चार्जिंग अचानक तोडलं, तर व्होल्टेजच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड उडतात. साधा उपाय: अल्टरनेटर इंजिनाच्या शिशाच्या बॅटरीलाच जोडलेला राहू द्या आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने (एका बॅटरीतून दुसरी ठराविक करंटनेच भरणाऱ्या चार्जरने) लिथियम भरा. बँकेलगत क्लास टी फ्यूज (प्रचंड करंटही तोडू शकणारा) बसवा, कारण शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर वाहतात आणि साधा फ्यूज ते तोडू शकेलच असं नाही. चार्जरवर लिथियमची सेटिंग आहे ना, तेही बघा. आणि व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका, बराच काळ ते 13.2-13.3 वरच थांबतं. शंटवाला बॅटरी मॉनिटर लावा, म्हणजे आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणारा.

राहिला पावसाळा. जूनमध्ये बोट वर काढून ताडपत्री घातली की सोलर झाकलं जातं, आणि सप्टेंबरपर्यंत शिशाची बॅटरी उकाड्यात आपोआप उतरत राहते. पूर्ण भरून निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्याकाठी एकदा चार्ज करा. लिथियम मात्र निम्मी भरलेलीच ठेवा. बोट पाण्यातच असेल तर बिल्ज पंपाची (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) बॅटरी तोडू नका. तिच्यापुरतं एक छोटं पॅनल ताडपत्रीच्या वर बांधा.