डिप्लॉय हिरवा, पॉड मात्र पडलेले? स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवा

क्युबरनेटीसवर (अनेक सर्व्हरांवर कंटेनर, म्हणजे पेटीबंद अ‍ॅप, चालवणारी यंत्रणा) नवा कोड चढवताना ‘क्युबसीटीएल अप्लाय’ यशस्वी झालं, म्हणजे क्लस्टरने, त्या सर्व्हरांच्या समूहाने, फक्त तुमची मागणी नोंदवून घेतली. पॉड, म्हणजे अ‍ॅपच्या चालू प्रती, उठले की नाही, ते त्याला अजून ठाऊक नसतं. डिप्लॉय करणारी स्वयंचलित पाइपलाइन हिरवी बघून माणूस महाप्याच्या ऑफिसातून निघतो आणि घणसोलीला ठाण्याची लोकल येईपर्यंत फोन वाजायला लागतो.

उपाय सोपा आहे:

१. अप्लायच्या लगेच खाली पॉड तयार होईपर्यंत थांबणारी ‘क्युबसीटीएल रोलआउट स्टेटस’ ही कमांड डिप्लॉयमेंटचं (कोणते पॉड, किती चालवायचे याची नोंद) नाव देऊन टाका.
२. तिला टाइमआउट द्या, समजा १८० सेकंद. नाही दिलात तर डिप्लॉयमेंटची स्वतःची मुदत लागू होते, ती मुळात ६०० सेकंदांची असते. दहा मिनिटं कोण ताटकळणार?
३. ती कमांड फसली तरच मागची आवृत्ती परत आणणारी ‘क्युबसीटीएल रोलआउट अनडू’ चालवा आणि पाइपलाइन लाल करा. हे लाल करणं विसरू नका, नाहीतर नवा कोड गेलाच नाही हे कुणाला कळणारही नाही.

रेडीनेस प्रोब, म्हणजे पॉड काम घ्यायला तयार आहे का ते बघणारी तपासणी, लिहिलेला हवाच. तो नसेल तर कंटेनर नुसता सुरू झाला की पॉड तयार धरला जातो, मग आत अ‍ॅपला डेटाबेस सापडत नसला तरी. माझ्या मते प्रोबशिवाय ही सगळी खटपट फुकट.

सावधान: अनडूने फक्त पॉडचा साचा मागे जातो. डेटाबेसच्या टेबलांत केलेले बदल किंवा बदललेला कॉन्फिगमॅप (अ‍ॅपच्या सेटिंग्ज) तसाच राहतो. त्यामुळे परत आलेला जुना कोड अडू नये म्हणून, टेबलातला कॉलम काढून टाकायचा असेल तर तो वेगळ्या, नंतरच्या रिलीजमध्ये काढा.