नाइट सिटीत गाडी घेताना: सायबरपंक रेडच्या पात्रांसाठी वाहन कसं निवडायचं

सायबरपंक रेड हा टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा रोलप्लेइंग गेम: प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि गेममास्टर गोष्ट पुढे नेतो. त्याचा नवा ग्रुप जमला की कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, अर्धीच भरलेली असते आणि कुणीतरी विचारतं, "माझ्याकडे बाइक आहेच ना?" नसते. सायबरपंक 2077 हा व्हिडिओ गेम खेळून आलेल्यांना तर हे पचतच नाही, कारण तिथे रस्त्यावर दिसेल ती गाडी आपलीच. रेड घडतो 2045 मध्ये, म्हणजे त्याच्या 32 वर्षं आधी. चौथं कॉर्पोरेट युद्ध होऊन गेलंय, 2023 मध्ये नाइट सिटी या काल्पनिक शहराच्या मधोमध अणुस्फोट झालाय, शहराचा मोठा भाग अजून ढिगाऱ्यात आहे आणि शहरांमधली मालवाहतूक नोमॅड, म्हणजे भटक्या, टोळ्यांच्या हातात आहे. अशा काळात स्वतःची चालती गाडी असणं हीच मोठी गोष्ट.

म्हणून "कोणती गाडी भारी?" हा प्रश्न बाजूला ठेवा. गाडी एका पात्राची नसते, अख्ख्या टोळीची, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पात्रांची मिळून असते. ती कुठली कामं शक्य करते आणि कुठली संकटं ओढवून आणते, यावर ती निवडायची.

पायरी 1: आधी पैशाचा हिशोब

सगळं स्वतः निवडून पात्र बनवण्याची जी सविस्तर पद्धत आहे, तिच्यात हाती येतात 2,550 युरोबक्स. टेबलावर सगळे त्यांना एडीच म्हणतात. कपड्यालत्त्यासाठी वेगळे 800. साध्या रोडबाइकची किंमत 20,000 एडी. चार जणांची छोटी कार, म्हणजे कॉम्पॅक्ट ग्राउंडकार, 30,000. बंदूक, चिलखत, फोन घेऊन उरलेल्या पैशांत बाइकचा आरसासुद्धा येणार नाही.

बरं, कमावून घेऊ म्हणाल, तर तेही बघा. सोप्या कामाचे माणशी 500 मिळतात, नेहमीच्या कामाचे 1,000, जिवावरच्या कामाचे 2,000. कार्गो कंटेनरमध्ये राहायचं तर महिन्याचं भाडं 1,000 आणि किबल हे स्वस्तातलं खाणं खाऊन दिवस काढले तरी वर 100. महिन्याला दोन नेहमीची कामं धरली तर शिल्लक 900. बाइक यायला बावीस महिने उलटून जातात, आणि यात गोळ्या, दवाखाना, एखादा नवा सायबरवेअर (शरीरात बसवायचं यंत्र) धरलेलाच नाही.

तेव्हा गाडी विकत घ्यायची असते हे डोक्यातून काढा. ती तीन वाटांनी येते. टोळीत नोमॅड असेल तर त्याच्या कुटुंबाकडून. एखाद्या फिक्सरकडून (कामं जुळवून देणाऱ्या दलालाकडून) किंवा कंपनीच्या माणसाकडून कामाचा मोबदला म्हणून. नाहीतर चोरून. चोरीसाठी इलेक्ट्रॉनिक कुलपाला इलेक्ट्रॉनिक्स/सिक्युरिटी टेक आणि साध्या कुलपाला पिक लॉक लागतं, पण खरा खर्च नंतर सुरू होतो: ती गाडी कुणाची होती, हे गेममास्टर कधीच विसरत नाही. माझ्या मते दुसरी वाट सगळ्यात मजेशीर. "पैसे नकोत, ती मागे उभी असलेली व्हॅन द्या" असं म्हणणाऱ्या टोळीच्या हाती गाडीही येते आणि तिच्यासोबत पुढच्या दोन-तीन सेशनची कटकटही.

पायरी 2: सीटा मोजा

ऐकायला बाळबोध वाटतं, पण बहुतेक टोळ्या अडतात इथेच. समजा पाच जण आहेत: सोलो (लढवय्या), नेटरनर (हॅकर), मेडटेक (डॉक्टर), फिक्सर आणि नोमॅड. नोमॅडने हौसेनं रोडबाइक घेतली. तिच्यावर दोघं बसणार. उरलेले तिघं मागून टॅक्सीनं येणार का? कॉम्पॅक्ट कारमध्ये चार सीटा, म्हणजे पाचवा आधीच बाहेर. आणि सायबरपंकमधली निम्मी कामं कुणाला तरी कुठून तरी बाहेर काढण्याची असतात: कंपनीतून पळणारा शास्त्रज्ञ, पकडून ठेवलेला साक्षीदार, फिक्सरचा पुतण्या. येताना सहावं माणूस सोबत असतं, तेही बऱ्याचदा आडवं.

म्हणून टोळीतली माणसं अधिक एक, इतक्या सीटा धरा. छोट्या कारवर सीटा वाढवणारा एक बदल घेतला की आणखी दोन जागा होतात आणि गणित सहावर जुळतं. बाइक वाईट नव्हे. दोन-तीनच खेळाडू असतील, किंवा एकाने पुढे जाऊन टेहळणी करायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं अशी तुमची रीत असेल, तर बाइकसारखं दुसरं काही नाही. ढिगारे पडलेल्या हॉट झोनमध्ये (अणुस्फोट झालेल्या भागात) जिथे कार अडेल तिथून बाइक निघून जाते, निदान शहाणा गेममास्टर जाऊ देतो.

पायरी 3: चालवणार कोण?

हा प्रश्न गाडीच्या आधी विचारला तरी चालेल. जमिनीवरच्या गाडीला ड्राइव्ह लँड व्हेइकल हे कौशल्य, पाण्यातल्या आणि हवेतल्या वाहनांना वेगवेगळी कौशल्यं. त्यातलं हवेतलं दुप्पट महाग: प्रत्येक पातळीला दुप्पट गुण मोजावे लागतात. तिन्ही रिफ्लेक्सवर, म्हणजे पात्राच्या चपळाईच्या आकड्यावर, चालतात.

नोमॅड असण्याने किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. नोमॅडचा रिफ्लेक्स 7, ड्रायव्हिंग 4, त्यावर त्याच्या मोटो या खास क्षमतेचे 4, कारण सुरुवातीला सगळ्यांची रोल रँक (भूमिकेतली पातळी) 4 असते. एकूण 15. आता सरकत्या ट्रकच्या खालून गाडी घालायची आहे आणि गेममास्टरने आकडा सांगितला 17. रेडमध्ये बरोबरी चालत नाही, आकडा ओलांडावा लागतो. बेरजेत दहा बाजूंच्या फाशाचा आकडा मिळवतात, तेव्हा फाशावर 3 किंवा जास्त आलं की जमलं. त्याच जागी रिफ्लेक्स 7 आणि ड्रायव्हिंग 2 असलेला सोलो बसवा. बेरीज 9, म्हणजे त्याला 9 किंवा 10च पडायला हवा. पहिल्याला दहात आठ वेळा जमेल, दुसऱ्याला दहात दोनदा.

टोळीत नोमॅड नसेल तर साधी, मजबूत, जास्त जागांची गाडी घ्या आणि पाठलागात पडूच नका. वेगवान गाडीत कच्चा ड्रायव्हर बसला की टोळीचा शेवट गोळीने होत नाही, खांबावर होतो. आणि अजून एक: ड्रायव्हिंगचे गुण एकाच पात्राला देऊन थांबू नका. ड्रायव्हरलाच गोळी लागली तर पुढे काय, याचं उत्तर म्हणून दुसऱ्या कुणाकडे तरी निदान 4 गुण हवेत.

पायरी 4: नोमॅडच्या चार रँक कशा वापरायच्या

मोटोची प्रत्येक रँक एक निवड देते: कुटुंबाच्या ताफ्यातलं नवं वाहन किंवा असलेल्या वाहनावर एक बदल. रँक 4ला चार निवडी. नवे खेळाडू चार वाहनं घेतात: बाइक, कार, जेटस्की आणि जायरोकॉप्टर. शीटवर भारी दिसतं, पण खेळात जेटस्की बंदरावरच्या एखाद्या कामाला बाहेर निघते आणि एरवी नुसती शीटवर पडून राहते.

मी सांगेन ते असं: एक कार आणि तीन बदल. पहिला सीटांचा. दुसरा बुलेटप्रूफ काचा. तिसरा चोरकप्प्याचा, म्हणजे माल लपवून नेण्याची सोय. सीटांमुळे सगळे एकत्र राहतात. काचांमुळे गाडीत बसलेले आयते सापडत नाहीत. आणि चोरकप्पा असला की गेममास्टरला चेकपोस्टचा प्रसंग घालायचा मोह होतो, जो खेळाडूंनाही हवाच असतो. मशिनगन किंवा आग ओकणारं यंत्र लावायचा मोह मात्र सुरुवातीला आवरा. छपरावर बंदूक लावलेली गाडी वॉटसनसारख्या शहरी भागातून शांतपणे नेता येत नाही, आणि ती बंदूक नसती तर ज्या भांडणातून बोलून सुटला असता त्यातही मग गोळीबार होतो. काही बदलांना आणि वाहनांना वरची रँक लागते, तेव्हा निवडताना यादीत अट बघून घ्या.

गाडी कुटुंबाची आहे हेही विसरू नका. आल्डेकाल्डोसारख्या नोमॅड राष्ट्राचा माणूस शहरात भाड्याची कामं करतोय आणि कुटुंबाची कार पाचव्यांदा चाळणी करून परत नेतोय, तर घरी काय ऐकावं लागेल? पात्र उभं करताना त्या ताफ्याची देखभाल करणारी एखादी मावशी किंवा काका गेममास्टरला सुचवून ठेवा. फुकट मिळालेल्या गाडीला हे एक चांगलं वजन असतं.

पायरी 5: गोळ्या किती खाईल?

वाहनाची ताकद एसडीपीमध्ये मोजतात, म्हणजे ते किती नुकसान सोसेल त्या आकड्यात. रोडबाइकला 35, छोट्या कारला 50. असॉल्ट रायफलची गोळी सहा बाजूंच्या पाच फाशांचं नुकसान करते, सरासरी साडेसतरा. तीन गोळ्या नेमक्या लागल्या की कार गेली. रॉकेट लाँचर आठ फासे, सरासरी 28, म्हणजे दोनच. खेळातली एक फेरी तीन सेकंदांची असते. कार म्हणजे चालतं चिलखत, असं समजून तिच्याआड ठाण मांडणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

चासिसला चिलखत घेतलं तर चित्र पालटतं. त्याचा एसपी (किती नुकसान अडवेल तो आकडा) 13, म्हणजे त्या साडेसतरामधले साधारण साडेचारच आत पोचतात. जड पिस्तुलाचे तीन फासे, सरासरी साडेदहा, तर बहुतेक वेळा बाहेरच राहतात. म्हणून नोमॅडची रँक वाढली की माझ्या यादीत पुढचा बदल हाच.

धडक देण्याबद्दल एक इशारा. समोरच्याला गाडीने उडवलं तर सहा फाशांचं नुकसान होतं, पण ते तुमच्या गाडीलाही होतं आणि आत बसलेल्यांनाही. मागच्या सीटवर नेटला जोडून बसलेल्या नेटरनरला न विचारता धडक देणाऱ्या ड्रायव्हरशी त्या टेबलावर पुढचा अर्धा तास कुणी नीट बोलत नाही.

पायरी 6: गाडी लावणार कुठे?

पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण नाइट सिटीतही खरी अडचण पार्किंगचीच. बहुतेक कामं इमारतीच्या आत घडतात, आणि तेवढा वेळ गाडी बाहेर उभी असते. तिथे कुणाची टोळी आहे? कोण लक्ष ठेवतंय? पळताना ती किती लांब असेल? साध्या माणसाचा मूव्ह (चालीचा आकडा) 6, म्हणजे एका फेरीत 12 मीटर. गाडी 120 मीटरवर लावली तर सरळ चालत दहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा गोळीबार अंगावर घेत जायचं. तेच 30 मीटरवर लावली तर तिसऱ्या फेरीला दार उघडलेलं असतं. हा प्रश्न खेळाडूंनी स्वतःहून विचारला तर गेममास्टर खूश होतो, नाही विचारला तर जास्तच खूश होतो.

नेटरनर असलेल्या टोळीला आणखी एक युक्ती आहे. रेडमध्ये नेटरनर घरी बसून हॅक करत नाही. अॅक्सेस पॉइंटच्या, म्हणजे तिथल्या नेटवर्कमध्ये शिरायच्या जागेच्या, 6 मीटरच्या आत त्याला प्रत्यक्ष जावं लागतं. आता जागेची पाहणी करून अॅक्सेस पॉइंट बाहेरच्या भिंतीलगत आहे का, ते शोधा. असेल तर व्हॅन त्या भिंतीला चिकटवून उभी करा. नेटरनर आत बसून काम करतो, बुलेटप्रूफ काचेआड, शेजारी मेडटेक, आणि इंजिन चालू. बाकीचे आत लढताहेत तोवर गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला बूस्टरगँगचा (रस्त्यावरच्या गुंडांच्या टोळीचा) पोरगा दोनदा व्हॅनकडे बघून जातो. तिसऱ्यांदा तो येतो तेव्हा सोबत चौघं असतात, आणि व्हॅनमधल्यांनी काय करायचं हे आत लढणाऱ्यांना विचारायला वेळ नसतो. या एका प्रसंगात सगळ्यांना काम मिळतं, आणि ते मिळतं केवळ दार सरकवून मागे बसता येईल अशी गाडी निवडल्यामुळे. बाइक घेतली असती तर हे सगळं झालंच नसतं.

पायरी 7: रूप आणि नाव

सायबरपंकच्या 1990 च्या आवृत्तीपासून 'आशयापेक्षा स्टाइल मोठी' हे या खेळाचं पहिलं सूत्र आहे, तेव्हा रंगरूपाला कमी लेखू नका. फक्त ते शेवटी ठरवा. गाडीची एकच ठळक खूण पुरे: उजवं दार दुसऱ्याच रंगाचं आहे, किंवा डॅशबोर्डवर आधीच्या मालकाचं देवाचं चित्र कुणी काढायला धजावत नाही, किंवा चूटू या इंधनाचा वास गाडीतून कधी जातच नाही. पाच खुणा दिल्या तर एकही लक्षात राहत नाही. नावही टोळीने मिळून ठेवावं. गाडी नावाने हाक मारण्याजोगी झाली की खेळाडू तिच्यासाठी धोका पत्करतात, आणि गेममास्टरला तेच हवं असतं.

हवेतल्या गाड्यांविषयी

एव्ही-4 ही उडती गाडी हवी असं प्रत्येकाला वाटतं, कारण ट्रॉमा टीम ही सशस्त्र रुग्णसेवा त्यातून उतरते. माझा सल्ला: पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या पहिल्या गोष्टीत, ती टोळीला देऊ नका. गाडी उडायला लागली की चेकपोस्ट, अडवलेले रस्ते, कॉम्बॅट झोनसारख्या धोक्याच्या भागातून जाण्याची भीती, पार्किंग, पाठलाग, सगळं एका फटक्यात निकालात निघतं आणि वर सांगितलेल्या सात पायऱ्यांपैकी निम्म्या निरर्थक होतात. द्यायचीच असेल तर एका कामापुरती भाड्याने द्या, पायलटसकट, आणि पायलटने कुठपर्यंत थांबायचं ते आधीच बोलून घ्या. पुढे कधी नोमॅडची रँक चढली आणि त्याने ती ताफ्यातून मागितली, तर ती त्याने कमावलेली असेल, मग नाही म्हणू नका. तोवर टोळीतल्या एखाद्याने पायलट एअर व्हेइकलमध्ये गुण घालायला सुरुवात केलेली असली पाहिजे, हे मात्र त्याला आत्ताच सांगून ठेवा.