ग्रहणात दिलेलं दान

मध्ययुगातलं विज्ञान आणि धर्म हा विषय मी एम.ए.च्या प्रबंधासाठी घेतला, तेव्हा डोक्यात साचा पक्का होता: एकीकडे पोथी, दुसरीकडे गणित, आणि दोघांचं हाडवैर. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच मी आधी चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख वाचायला लावते.

शके ११२८, श्रावण पौर्णिमा. चंद्रग्रहण लागलेलं असताना तिथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने उदक सोडून एका मठाला दान दिलं. मठ काढला होता भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. लेख संस्कृतात चालतो आणि देण्याघेण्याचा तपशील आला की मराठीवर येतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’. केणें म्हणजे विकायचा माल. गिऱ्हाइकांकडून सरकारात जमा होणारं उत्पन्न मठाला लावून दिलं होतं. ही ओळ पहिल्यांदा लागली तेव्हा मला त्या पेठेचा गलबला ऐकू आला.

मग भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’तला ‘गोलाध्याय’ हा भाग उघडा. चंद्राला आणि सूर्याला झाकणारा एकच राहू कसा असेल, हा तिथला प्रश्न. चंद्रग्रहणात उरलेल्या कोरीची टोकं बोथट दिसतात, ग्रहणही बराच वेळ टिकतं; म्हणजे झाकणारी पृथ्वीची सावली मोठी. सूर्यग्रहणात टोकं अणकुचीदार आणि वेळ थोडा; म्हणजे झाकणारा चंद्र लहान. शिवाय चंद्राला स्पर्श पूर्वेकडून होतो, सूर्याला पश्चिमेकडून. एवढं सगळं मांडल्यावर आचार्य म्हणतात, राहू वराच्या बळावर चंद्रग्रहणात त्या सावलीत आणि सूर्यग्रहणात चंद्रबिंबात शिरतो असं मानलं की आगमांशी, म्हणजे धर्मग्रंथांशी, विरोध उरत नाही.

या श्लोकाशेजारी मी पेन्सिलीने ‘तडजोड’ असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “यामुळे गणितातला कोणता आकडा बदलला?” एकही नाही. तो शब्द मी खोडला आणि प्रकरण पहिल्यापासून लिहिलं.

तेव्हा संस्कृत शिकाच. भाषांतरावर भागत नाही. भास्कराचार्यांनी स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच लिहिलेलं वासनाभाष्य (इथे वासना म्हणजे गणिताची उपपत्ती) सोबत ठेवा. आणि एका तरी ग्रहणाचं गणित कागदावर, हाताने करा. माझे त्यात तीन आठवडे गेले, पण स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण लागण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा निघाल्या तेव्हा सोइदेवाचं दान नीट कळलं. पुण्य त्या पर्वकाळाचं, म्हणजे ग्रहण कधी लागणार हे आधी ठाऊक हवं, आणि ते काढायची विद्या त्याच मठात शिकवली जाणार होती.