शंटआधी चाल मोजताना

मी फिजिओथेरपिस्ट. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठून चाल आणि स्मरण बिघडवणारा आजार. त्याच्या टॅप टेस्टला (कमरेतून थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते पाहणं) माझं काम एवढंच: स्टॉपवॉच घेऊन चाल मोजणं. पण शंटचा (हे जादा पाणी वाहून नेण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेल्या नळीचा) फायदा होईल का, याचा अंदाज बराचसा इथेच येतो.

आधी घरच्यांना विचारा, सुरुवात कशाने झाली? पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आधी बिघडली आणि विसरभोळेपणा नंतर आला, तर आशा जास्त. उलट असेल, किंवा आजार बरीच वर्षं अंगावर काढला असेल, तर कमी. स्कॅनमध्ये इव्हान्स इंडेक्स (कवटीच्या रुंदीच्या तुलनेत मेंदूतल्या पोकळ्यांची रुंदी) ०.३ च्या वर असतो, पण नुसत्या त्यावर ठरवू नका. मेंदू आक्रसल्यानेही तो वाढतो.

मग मोजणी. १० मीटर चालायला किती सेकंद, किती पावलं. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन, वळून परत बसायला किती वेळ. वळताना किती पावलं पडतात तेही मोजा, खरी गोम तिथेच असते. दोन-तीनदा घ्या, कारण सरावानेही वेळ सुधारतो. चपला त्याच, काठी तीच. व्हिडिओ काढाच. “बरं वाटतंय” यावर मी विसंबत नाही.

डॉक्टर कमरेतून मेंदू-मणक्यातलं ३० ते ५० मिली पाणी काढतात. काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं पुन्हा. स्पष्ट फरक दिसला तर उत्तम. नाही दिसला तरी शंट बाद समजू नका; अशांपैकी काहींना फायदा होतो. तेव्हा काही दिवस लंबर ड्रेन (कमरेतून पाणी काढत राहणारी तात्पुरती नळी) ठेवून पाहण्याबद्दल न्यूरोसर्जनना विचारा.