मलेरियाच्या १४ गोळ्या मधेच सोडू नका राव

थंडी वाजून ताप आला की मेडिकलवाल्याला विचारून गोळी गिळू नका, आधी रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. रिपोर्टमध्ये मलेरियाचा कुठला जंतू आहे, पीव्ही की पीएफ, ते बघा, औषध त्यावरच ठरतं.

पीव्ही म्हणजे व्हायवॅक्स. याला तीन दिवस क्लोरोक्विन देतात. मलेरियाचा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातून हीम नावाचा विषारी कचरा उरतो तो हा पठ्ठ्या खडे करून बाजूला टाकतो, क्लोरोक्विन ते खडे होऊच देत नाही मग आपल्याच कचऱ्याने मरतो. दोन-तीन दिवसात ताप उतरतो आणि इथेच सगळा घोळ होतो. कारण काही जंतू लिव्हरमध्ये झोपून असतात, त्यांना क्लोरोक्विनचं काहीच होत नाही, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, मोठ्या माणसाला साधारण १५ मिलिग्रॅम रोज, १४ दिवस.

मी पाचव्या दिवशी सोडलेली, बरं वाटतंय म्हणून. दोन महिन्यांनी परत तीच हुडहुडी, आईने ड्रॉवरमधून पाकीट काढून समोर आपटलं, नऊ गोळ्या तशाच.

तर गोळी जेवणानंतरच घ्या, रिकाम्या पोटी जाम मळमळतं. कॅलेंडरवर रोज फुली मारा. पण प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून सुरू करायच्या आधी डॉक्टरला ती टेस्ट विचारा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी बंद, सरळ दवाखाना.

पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, गडचिरोलीकडे हा बराच, आणि हा डोक्यात गेला की जीवावर बेततं, उशीर नको. याला आर्टेमिसिनिनवाल्या जोडगोळ्या तीन दिवस (त्या शोधाबद्दल चीनच्या तू यूयू बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं). जोडी का, तर हे औषध झटकन मारतं पण काही तासात अंगातून निघून जातं, उरलेसुरले दुसरं औषध बघतं.

आणि उरलेलं क्लोरोक्विन डेंग्यूला घेऊ नका, तो व्हायरस आहे, त्याच्यावर अजून नेमकं औषध नाही, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. ब्रुफेन नको.

रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा, पुढच्या वर्षभरात ताप आला तर डॉक्टरला आधी तो दाखवा.