जुने फोटो उघडत नाहीत? या चुका टाळा

दादर स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "ताई, फोटो करप्ट झालेत." बहुतेक वेळा झालेले नसतात. फाइल धडधाकट असते, फक्त आजच्या कॉम्प्युटरला तो प्रकार ओळखता येत नाही. खरी नासधूस होते ती त्यानंतर, घरातल्या कुणीतरी "जरा करून बघतो" म्हटल्यावर. तेच ते प्रकार इतक्यांदा निस्तरलेत की आता लिहूनच ठेवते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नाव बदलणं. फाइल उघडत नाही, मग शेवटी जेपीजी लिहून टाकायचं. डब्यावर "साखर" लिहिल्याने आतलं मीठ गोड होत नाही, तसंच हे. नावाच्या शेवटची ती तीन अक्षरं म्हणजे फक्त चिठ्ठी. आत काय आहे ते फाइलच्या पहिल्या काही बाइट्समध्ये असतं, आणि चिठ्ठी बदलली तरी ते बाइट्स जिथल्या तिथे राहतात. नुकसान होतं ते आपलं, कारण आत काय होतं याचा एकुलता एक सोपा पुरावा आपण पुसून टाकलेला असतो.

लालबागच्या बाजूच्या एका गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते स्मरणिकेसाठी जुनी हार्डडिस्क घेऊन आले होते. १९९६ पासूनचे फोटो. मंडळातल्या एका उत्साही मुलाने एका कमांडमध्ये फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइली जेपीजी करून टाकल्या होत्या. आत टिफ (दर्जा न घटवता फोटो साठवणारा प्रकार) होत्या, फोटोशॉपच्या पीएसडी होत्या, बॅनरवाल्याने मॅकवर केलेल्या काही होत्या, पावतीपुस्तकाची वर्ड फाइलसुद्धा होती. आता सगळ्यांना एकच आडनाव आणि एकही उघडत नाही. मुलगा बिचारा रडकुंडीला आलेला. रागावले नाही त्याला, पण पुढच्या दोन संध्याकाळी मी फाइली एकेक करून तपासत बसले, तेव्हा घाईची किंमत कुणी मोजली ते त्याने समोर बसून पाहिलं.

तपासायचं कसं? फाइलची कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य चिन्हांचा चिखल दिसेल, घाबरू नका, फक्त पहिली ओळ बघा. जेएफआयएफ किंवा एक्झिफ ही अक्षरं दिसली तर जेपेग, म्हणजेच जेपीजी आहे. ८बीपीएस दिसलं तर फोटोशॉपची. सुरुवातीला दोन आय किंवा दोन एम असतील तर बहुधा टिफ. नुसतं बीएम असेल तर बिटमॅप. जीआयएफ ८७ए किंवा ८९ए हे तर सरळ वाचताच येतं. बघून झालं की नोटपॅड बंद करा, आणि "सेव्ह करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. नोटपॅड ती फाइल मजकूर समजून परत लिहितं आणि फोटो कायमचा जातो. म्हणूनच आधी कॉपी म्हटलं.

याहून सोपं हवं असेल तर इरफानव्ह्यू हा फुकटचा प्रोग्रॅम घ्या, त्याच्याच साइटवरून. तो चिठ्ठी न बघता आतलं बघतो, आणि नाव चुकीचं असेल तर स्वतःहून विचारतो की खरं नाव देऊ का. मंडळाच्या निम्म्याहून जास्त फाइली मी अशाच सोडवल्या.

आता दुसरी चूक. हिच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. फोटो एकदाचा "उघडला" की मूळ फाइल फेकून देणं.

कोडॅकने १९९२ मध्ये फोटो सीडी नावाचा प्रकार बाजारात आणला होता. निगेटिव्ह द्यायची, ते स्कॅन करून सोनेरी सीडीवर घालून द्यायचे, एका सीडीवर साधारण शंभर फोटो. परदेशात नातेवाईक असलेल्या घरांत या सीड्या अजून सापडतात. आत पीसीडी प्रकारच्या फाइली असतात आणि आजचा विंडोज त्यांच्याकडे बघून नुसती पांढरी पाटी दाखवतो. या फाइलची गंमत अशी की एकाच फाइलमध्ये तोच फोटो पाच आकारांत असतो. सगळ्यात छोटा १९२ बाय १२८ पिक्सेलचा, मधला ७६८ बाय ५१२ चा, सगळ्यात मोठा ३०७२ बाय २०४८ चा. मधला आकार टीव्हीवर बघण्यासाठी होता. पण फाइल उघडणारे बरेचसे प्रोग्रॅम न विचारता तो मधलाच उचलतात.

पार्ल्याच्या एका काकू आल्या होत्या. आईच्या पंचाहत्तरीसाठी आईवडिलांच्या लग्नाचा फोटो बारा बाय अठरा इंचांचा करायचा होता. पुतण्याने सगळे फोटो जेपीजी करून दिले होते. मी उघडून बघितलं तर ७६८ बाय ५१२. हिशेब सोपा आहे. अठरा इंचांत ७६८ पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम ४३. नाकातली नथ आणि ओठ यांचा एकच डाग दिसणार. "काकू, मूळ सीडी कुठाय?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "खिडकीला आहे."

कबुतरांसाठी. दिवाळीच्या साफसफाईत पुतण्याने सांगितलं की आता फोटो कॉम्प्युटरमध्ये आलेत, सीडीचं काम नाही. मग सुतळी ओवून ती ग्रिलला टांगली. आमच्याकडे आली तेव्हा जुलै होता. आठ महिन्यांचं ऊन आणि दीड महिन्याचा पाऊस खाऊन झालेला, सोनेरी बाजूवर कबुतरांची घाण, भोकाजवळ सुतळीने पडलेली गोल चर. मी नळाखाली धरली, भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी लावलं, मऊ सुती कापडाने आतून बाहेर सरळ रेषेत पुसली, रात्रभर पंख्याखाली वाळवली. सकाळी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्ह फिरायचा, घोगरा आवाज करायचा, थांबायचा, परत फिरायचा. विंडोजने हात टेकले. मग मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, डीडीरेस्क्यू हे साधन लावलं. ते खराब जागा सोडून पुढे जातं, जे मिळेल ते आधी उचलतं आणि राहिलेल्या जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. एका ड्राइव्हवर जे वाचलं नाही ते दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हवर थोडं वाचलं. तीन दिवस चाललं हे.

बासष्ट फोटोंपैकी एकेचाळीस पूर्ण आकारात आले. काकूंना हवा होता तो, अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे दोघं उभी असलेला, तो आला नाही. त्याच्या शेजारचा आला, मुंडावळ्यांसकट, वडील खाली बघतायत आणि आई सरळ कॅमेऱ्यात. तोच मोठा केला. अंतरपाटाचा आता कायमचा ७६८ पिक्सेलचाच आहे, कारण घरातली निगेटिव्हं २६ जुलै २००५ च्या पुरात आधीच गेली होती.

म्हणून पीसीडी फाइल असेल तर पीसीडी-टू-जेपेग नावाचं छोटं फुकटचं साधन वापरा, ते सगळ्यात मोठा आकार काढून देतं. कुठलंही साधन वापरा, पण रूपांतर झाल्यावर फाइलवर उजवी क्लिक करून पिक्सेल मोजा. ३०७२ दिसले नाहीत तर काम झालेलं नाही. आणि पिक्सेल बरोबर आले तरी मूळ फाइल आणि मूळ सीडी ठेवा. मी स्वतः रूपांतर टिफमध्ये करते, जेपेग फक्त पाठवण्यापुरतं. जेपेग दर वेळी बदलून सेव्ह केलं की थोडं झिजतं.

सीडीचं निघालंच आहे तर: सीडी गोल गोल पुसू नका. आणि प्लॅस्टिकचं पाकीट दमटपणाने चिकटलं असेल तर ओढू नका. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. लोकांना वाटतं माहिती चकचकीत बाजूला असते. ती असते लेबलच्या लगेच खाली, त्यामुळे पाकिटाबरोबर पापुद्रा सुटला की फोटोच सोलून येतात. सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला मिळतो, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात विचारा.

मॅकवर कॉपी केलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की प्रत्येक फोटोच्या दोन फाइली दिसतात. एकीच्या नावाआधी टिंब आणि खालची रेघ असते, आकार चार-पाच केबी, आणि ती उघडत नाही. तो फोटोच नाही, मॅकची स्वतःची टिपणं आहेत. खरा फोटो शेजारी आहे. यासाठी एक गृहस्थ ठाण्याहून आले होते.

डिस्केटवर, म्हणजे फ्लॉपीवर फोटो घेणारा सोनीचा माविका कॅमेरा घरात होता का? त्यातल्या ४११ नावाच्या फाइली टिचभर नमुने असतात, त्यांच्यामागे लागू नका. खरे फोटो त्याच डिस्केटवर जेपीजीमध्ये असतात.

गूगलचा पिकासा हा फोटोंचा प्रोग्रॅम वापरायचात? तो २०१६ मध्ये बंद झाला. पण त्यात सुधारलेल्या फोटोंच्या मूळ प्रती त्याच फोल्डरमध्ये, पिकासा ओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतात. कॉम्प्युटर विकण्याआधी लपलेल्या फाइली दाखवायला लावा आणि तेही उचला.

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने जेपेग न करता कच्च्याच ठेवलेल्या), म्हणजे कॅननच्या सीआरडब्ल्यू, कोडॅकच्या केडीसी वगैरे, रॉ थेरपी किंवा डार्कटेबल या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये लावून बघा. शेजारची टीएचएम फाइल फक्त छोटं जेपेग आहे.

"डिस्क फॉरमॅट करायची आहे का?" याला कधीही हो म्हणू नका. कार्ड असो, पेनड्राइव्ह असो, रद्द करा, काढून ठेवा, त्यावर नवीन काहीही लिहू नका. फोटोरेक नावाचं फुकटचं साधन अशा कार्डातून फोटो परत काढतं, पण ते दुसऱ्या डिस्कवर काढायचे, त्याच कार्डावर नाही. हो म्हणून झाल्यावरही लगेच थांबलात तर बरंच मिळतं. हो म्हणून वर बारशाचे दोनशे फोटो काढलेत, तर त्या जागेवर आता बारसं आहे.

फोटो दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी प्रत, उतरवू नका. यावर मला वाद घालायचा नाही. अशाच एका क्रॅकमधून आलेल्या व्हायरसने एका घराच्या बारा वर्षांच्या फोटोंना कुलूप घातलेलं मी पाहिलंय. प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक परकं शेपूट आणि फोल्डरमध्ये डॉलर मागणारी चिठ्ठी. उघडता येत होता तो एकच अल्बम, मुलीने आधीच डीव्हीडीवर काढून आजीकडे ठेवलेला. फुकटची चांगली साधनं वर सांगितलीत, त्यांना क्रॅक लागत नाही.

अनोळखी साइटवर फोटो चढवून रूपांतर करून घेणंही सोडा. आईचे, मुलांचे फोटो कुणाच्या मशीनवर जातायत ते आपल्याला कळत नाही, आणि परत येणाऱ्या फाइलमधून फोटो काढल्याची तारीख बऱ्याचदा गायब असते.

आणि मला विचारायचं असेल तर न उघडणाऱ्या चिन्हाचा स्क्रीनशॉट पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाव न बदलता, आणि ती कुठून आली तेही लिहा: कॅमेरा, स्टुडिओची सीडी, की कुणाचा जुना मॅक. आकार शून्य केबी दिसत असेल तर फाइल रिकामीच आहे, दादरपर्यंत येऊ नका. आधी घरी जाऊन मूळ सीडी शोधा. खिडकीलाही बघा.